मारल्यानंतरचा प्रश्न

बागलाणात साप निघाला की सगळं ठरलेल्या क्रमानं घडतं. आधी कोणीतरी ओरडतं, मग काठी, फावडं, टिकाव जे हाताला लागेल ते घेऊन चार माणसं धावतात, आणि जनावर पुरतं निपचित पडलं की गर्दीतून विचारणा होते, "कोनता व्हता रे?" उत्तरंही ठरलेलीच. लांब आणि काळपट असेल तर नाग, अंगावर ठिपके असतील तर घोणस, पट्टे असतील तर मण्यार. यातली बरीच उत्तरं चुकतात, पण तोवर त्याचं कोणाला काही वाटेनासं झालेलं असतं.

हा प्रश्न काठी उचलण्याआधी विचारला जावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे. सटाणा आणि आसपासच्या गावांत दिसणारे साप, त्यांची चित्रं, त्यांच्या खुणा आणि दंश झाल्यावर काय करायचं याची माहिती पुढच्या पानांत आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याचं काम पुस्तकाचं कौतुक करण्याचं असतं, ते मी थोडक्यात उरकतो: चित्रं स्पष्ट आहेत आणि भाषा शाळकरी मुलाला कळेल अशी आहे. आता मुद्द्याकडे.

'जंगलातला साप लोकवस्तीत शिरला' असं वाक्य वर्तमानपत्रांत नेहमी येतं. आपल्या तालुक्यापुरतं तरी ते खरं नाही. पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, तिथून खाली येणाऱ्या मोसम आणि आरम, त्यांच्यावरचे जुने फड बंधारे, पाट, आणि पाटांच्या दोन्ही अंगांना डाळिंब, द्राक्षं, कांदा, मका. या शेतांतच साप राहतात. पाटाच्या कडेला दिवड बेडकांवर टपलेली असते, बांधावरच्या बिळात धामण, डाळिंबाखालच्या पाल्यात घोणस, जुन्या मातीच्या भिंतीच्या भेगेत मण्यार. कांदा चाळीचंच बघा. हवा खेळावी म्हणून ती जमिनीपासून उंच बांधतात. चाळीखाली सावली असते, उन्हाळ्यातही गारवा असतो, उंदीर-बेडकांची ये-जा असते. सापाला लागतं ते सगळं तिथं आपणच जमवून ठेवलेलं असतं. चाळ नको असं कोण म्हणेल? पण चाळीखाली हात घालण्याआधी काठीनं ढवळून बघावं आणि तिथं रिकामी पोती, लाकडं, फुटके कॅरेट साठवू नयेत, एवढं तर करता येतं.

सर्पदंश किती मोठा प्रश्न आहे हे आपल्याकडे बराच काळ नीट कळलंच नव्हतं, कारण मोजदाद रुग्णालयांच्या नोंदींवरून व्हायची आणि माणसं मरत होती घरी, वाटेत, भगताच्या अंगणात. देशभर घराघरांत जाऊन मृत्यूंची कारणं विचारणाऱ्या मोठ्या पाहणीतून २०११ साली पहिल्यांदा विश्वासार्ह अंदाज आला: वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू, त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागात, आणि चारात तीन मृत्यू कोणत्याही दवाखान्याच्या बाहेर. २०२० साली हाच अभ्यास पुढे नेला गेला तेव्हा २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचं दिसलं, म्हणजे वर्षाला ५८ हजार. मेलेल्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं; केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. साप निरुपद्रवी असतात, बिचारे असतात, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे विसरू नयेत. शेतात अनवाणी उभ्या असलेल्या बाईला शहरातून येऊन सर्पप्रेम शिकवणं मला बरं वाटत नाही.

पण या मृत्यूंमागे साप मोजकेच आहेत. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, त्यांत आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांना थोडं थोडं विष टोचून जी लस तयार झाली, ती याच चौघांच्या विषांवर एकत्र चालते. सामान्य माणसानं तीनशे साप शिकायची गरज नाही. हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे पाच-सहा शिकले की खूप झालं. या पुस्तिकेनं तोच मार्ग धरला आहे आणि तो बरोबर आहे.

तरीही ओळख वाटते तितकी सोपी नाही, म्हणून थोडं विस्तारानं सांगतो. सगळ्यात जास्त मार खातो तो कवड्या. घराच्या भिंतींवर, दिव्याखाली पाली शोधत फिरणारा हा बिनविषारी साप मण्यार समजून मारला जातो. मण्याराचं अंग काळं किंवा निळसर चकचकीत, त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीनं. पण ते डोक्यालगत सुरू होत नाहीत. मानेच्या बऱ्याच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. कवड्याचं उलट असतं. त्याचा पहिला पट्टा मानेलाच, तोही रुंद, आणि मागे जावं तसे पट्टे पुसट होत शेपटीशी नाहीसे होतात. मण्याराच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, ती कवड्याला नसते. खवले बघण्याइतकं जवळ जायचं नाही, हे उघड आहे. पण पट्टे कुठून सुरू होतात हे आठ-दहा फुटांवरून बॅटरीच्या उजेडात दिसतं, आणि तेवढं पुरतं.

घोणस आणि डुरक्या घोणस ही दुसरी जोडी. घोणशीच्या पाठीवर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, नेमक्या, साखळीसारख्या. मान बारीक, डोकं रुंद, आणि डिवचली तर प्रेशर कुकरची वाफ सुटावी तसा लांब फुत्कार. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात, मान अशी दिसतच नाही आणि शेपूट आखूड, बोथट. अजगराच्या पिल्लावरही मोठे अनियमित चट्टे असतात, म्हणून तेही घोणस म्हणून मरतं. आणि याहून वाईट म्हणजे घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हातात धरणारे असतात. या चुकीनं माणसं मेली आहेत.

धामण म्हणजे नागाची मादी, अशी समजूत आपल्या भागात अजून घट्ट आहे. धामण ही वेगळी जात. तिच्यातही नर-मादी असतात, नागातही असतात. धामण लांब, चपळ, मोठ्या डोळ्यांची, ओठांवर काळ्या उभ्या रेघा असलेली. माणूस दिसला की पळ काढते. नाग सरपटत असताना फणा काढेलच असं नाही, त्यामुळे फणा दिसला नाही म्हणून तो नाग नाही असं समजू नये. फुरसं आणि त्याच्यासारखा दिसणारा मांजऱ्या ही आणखी एक जोडी. मुरमाड माळावर दगडाखाली सापडणारं फुरसं वीतभर-हातभर असतं, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. मांजऱ्या सडपातळ, लांब, किंचित विषारी, माणसाला फारसा धोका नसलेला.

आणि दोन ऐकीव खुणा कायमच्या सोडून द्या. 'विषारी सापाचं डोकं त्रिकोणी असतं' ही पहिली. नाग आणि मण्यार यांचं डोकं तसं नसतं आणि कित्येक बिनविषारी साप घाबरले की डोकं पसरवून त्रिकोणी करतात. 'विषारी दंशात दोन दातांच्या खुणा दिसतात' ही दुसरी. मण्याराच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतच नाही, दुखत नाही, सुजत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो, माणसाला जाग येते किंवा येतही नाही, आणि पहाटे पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड होणं, गिळता न येणं. घरचे म्हणतात, रात्रीचं खाणं बाधलं. पावसाळ्यात सकाळी अशी लक्षणं दिसली तर मण्याराचा संशय घ्यावा, हे या पुस्तिकेतलं एक वाक्य एखाद्या घरात वाचलं गेलं तरी तिचा खर्च वसूल झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या ग्रामीण डॉक्टरांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासून हे ज्ञान आपल्यापर्यंत आणलं आहे.

आता एक गोष्ट विरोधाभासाची वाटेल. इतकी ओळख शिकवून पुस्तिका पुढे सांगते की दंश झाला तर साप ओळखत बसू नका. ते योग्यच आहे. लस चारही सापांवर एकच आहे, त्यामुळे मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. तो शोधण्यात आणि मारण्यात वेळ जातो, दुसरा माणूस चावून घेतो, आणि मेलेल्या सापाचं, अगदी तुटून पडलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं. दुरून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही तर सोडून द्या. डॉक्टर रुग्णाच्या शरीराकडे बघतात. पापण्या मिटताहेत, श्वास लागतोय, तर विष मज्जासंस्थेवर गेलं आहे: नाग किंवा मण्यार. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतंय, तर घोणस किंवा फुरसं. रक्ताचा नमुना कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळात रक्त गोठलं नाही तर लस सुरू. चाचणी साधी आहे, ग्रामीण रुग्णालयातही होते. आपण करायचं ते एवढंच: चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या, कडी, जोडवी काढायची, माणसाला चालू द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ती गाडी काढायची. आवळून दोरी बांधणं, ब्लेडनं चिरा देणं, विष चोखणं यांनी फक्त नुकसान होतं.

भगताकडे नेल्यावर माणसं बरी कशी होतात, असं विचारणारे भेटतात. होतात, कारण बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं घरी बसूनही बरी झाली असती. भगताकडे नेल्यानं जे मेले त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. भगताला शिव्या घालून काही होत नाही. त्यानं पाणी मंतरून द्यावं आणि त्याच गाडीत बसून रुग्णालयात यावं, असं गावानं त्याला सांगावं.

मारावं की नाही, हा या पुस्तिकेतला सर्वात अवघड प्रश्न. त्याला एक जुनं उत्तर इतिहासात आहे. १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर सरकारी बक्षीस लागलं आणि आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणल्याची नोंद झाली. एक लाख पंधरा हजार! आज दीडशेहून अधिक वर्षांनी फुरसं म्हटलं की लोकांना रत्नागिरीच आठवतं. अन्न आणि लपायला जागा आहे तोवर मारून सापांची संख्या संपत नाही. उलट बाजूनं, धामण जपली की शेतातले उंदीर संपतील असा दावाही मी करणार नाही. त्यांची संख्या काही प्रमाणात आवाक्यात राहते, इतकंच.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण याच कायद्याचं कलम ११ सांगतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूनं वन्यप्राणी मारावा लागला तर तो गुन्हा नाही. हे दोन्ही लोकांना माहीत असायला हवं. माझं मत सांगतो. शेतातला, बांधावरचा, पाटातला साप मारू नये, कारण तो निघून जाणार असतो आणि मारायला जवळ जाण्यातच धोका असतो. घरात साप दिसला तर लेकरांना बाहेर काढावं, एकानं दुरून नजर ठेवावी, सर्पमित्र किंवा वन विभागाला बोलवावं. आणि मध्यरात्री, दूरच्या वस्तीवर, अंथरुणाशेजारी मण्यार आहे आणि कोणी येणार नाही, अशा वेळी ज्यानं तो मारला त्याला मी दोष देणार नाही. असा प्रसंग यायलाच नको, यासाठी खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. मच्छरदाणीत मण्यार येत नाही.

श्रद्धेच्या बाबतीत एक गंमत आहे. आपल्याकडे नागपंचमीला नांगर धरत नाहीत, कोकणा आणि भिल्ल वस्त्यांत वाघदेवाच्या लाकडी पाट्यांवर सूर्य-चंद्राशेजारी नाग कोरतात. पण घोणशीला देऊळ नाही, मण्याराची कहाणी नाही. फणा काढून आधी इशारा देणाऱ्या सापाला आपण देव केलं, आणि गुपचूप चावणाऱ्यांची साधी ओळखही करून घेतली नाही. बाकी दूध पिणं, डूख धरणं, नागमणी यांवर पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, ते वाचावं. मांडुळाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. 'दुतोंड्या' म्हणून, पैशांचा पाऊस पडतो म्हणून या गरीब बिनविषारी सापाचे लाखांचे सौदे राज्यभर पकडले जातात. त्यात अडकणारी बहुतेक पोरं खेड्यातली असतात, आणि तुरुंगात तीच जातात.

सर्पमित्रांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. त्यांनी असंख्य साप आणि माणसं वाचवली. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले, पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभारलं, आणि एका पिढीची भीती मोडली. पण त्या पराक्रमाची नक्कल आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चालते: नागाच्या फण्याचं चुंबन, गळ्यात घोणस. असा व्हिडिओ काढणाऱ्याला साप पकडायला बोलावू नका. चांगला सर्पमित्र साप हातात धरत नाही. हुकानं उचलतो, पिशवीत घालतो, लोकांना पांगवतो आणि परिसरातच योग्य जागी सोडतो. फार दूर नेऊन सोडलेला साप अनोळखी मुलखात बहुधा तग धरत नाही.

पुस्तिकेत एक गोष्ट राहिली आहे, ती इथं लिहितो. सर्पदंशाचा विषय विजेच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातला शेतकरी रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन, कित्येकदा चपलेतच, पाणी भरायला जातो. नेमके तेव्हाच घोणस आणि मण्यार बाहेर असतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठी आहे. ती जिथं खरंच पोचेल तिथं तिचा उपयोग सापांपासून बचावासाठीही होईल. तोवर गमबूट आणि चांगली बॅटरी ही शेतीचीच अवजारं समजा. शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. गमबुटाच्या जोडाला त्याच्या शेकडो पटीनं कमी खर्च येतो.

शेवटच्या पानावर चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत: लस असलेलं जवळचं रुग्णालय, रात्री गाडी काढणारा शेजारी, वन विभागाचं कार्यालय आणि सर्पमित्र. क्रमांक तुम्हीच भरायचे आहेत. ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस शिल्लक आहे ना, हे पावसाळ्याआधी विचारून घ्या. पान भरलं की फाडून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत चिकटवा. पुस्तक घरात राहतं आणि पाणी भरणारा माणूस रात्री तिथं असतो.